रेडियम स्टिकरच्या कडेला पडलेले स्क्रॅच घरच्या घरी कसे काढायचे

गाडीच्या साइडला रेडियमचा पट्टा असतो, बोनेटवर ग्राफिक्स असतं, कोणी छत काळं रॅप केलेलं असतं, आणि स्क्रॅच नेमका त्याच्या कडेला पडतो. पेंटरकडे नेलं की तो सरळ सांगतो, अख्खा दरवाजा मारावा लागेल आणि स्टिकर जाईल. बऱ्याच वेळा एवढं करायची गरज नसते, घरी सावलीत बसून नीट काम केलं तर स्टिकर पण वाचतो आणि कंपनीचा ओरिजिनल पेंट पण वाचतो, जो माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे, कारण फॅक्टरीत भट्टीत पक्का केलेल्या पेंटसारखा टिकाऊ पेंट नंतर गॅरेजमध्ये सहसा मिळत नाही.

फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, या कामात सगळी काळजी स्टिकरच्या कडेची घ्यायची. कडेतच कंपाउंड (घासून पॉलिश करायची पेस्ट) अडकून पांढरी रेघ दिसते, कडेतूनच पाणी आत शिरतं आणि टचअपचा, म्हणजे खाच भरायचा, रंग कडेवरून स्टिकरवर चढला तर पुढे कधी स्टिकर काढताना त्या रंगाची खपली सोबत निघून येते.

आधी स्क्रॅच नीट ओळखा

गाडी शाम्पूने धुऊन, पुसून, उजेडात बघा. प्रेशर वॉशर वापरत असाल तर नोझल कडेपासून फूटभर तरी लांब ठेवा आणि फवारा कडेच्या खाली घुसेल असा तिरका मारू नका. पार्किंगमध्ये स्कूटरचं हँडल किंवा बंपर घासून जातो तेव्हा जे दिसतं ते खूपदा स्क्रॅच नसतंच, समोरच्या गाडीचा रंग किंवा रबर आपल्या पेंटवर चिकटलेला असतो आणि तो नुसत्या कंपाउंडने निघतो.

मग स्क्रॅचवर पाणी लावा. ओला असताना दिसेनासा झाला तर तो वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे, पॉलिशने जाईल. नखाला खाच लागते आणि आत वेगळाच रंग दिसतो, म्हणजे पांढरा-करडा प्रायमर (रंगाखालचा थर) किंवा पत्रा, तर टचअप लागणार.

अजून एक प्रकार आहे आणि तो स्टिकरवाल्या गाड्यांमध्येच सापडतो. स्टिकरच्या कडेला अगदी समांतर, सरळ, बारीक रेघ दिसली तर ती बहुतेक कटरची असते. रेडियम गाडीवर चिकटवून तिथेच ब्लेडने कापलं की ब्लेड क्लिअर कोट कापत खाली जातं, कधी कधी पत्र्यापर्यंत. सुरुवातीला कळत नाही, पण दोन पावसाळे गेले की, विशेषतः कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत, त्या रेघेतून गंज फुगायला लागतो. म्हणून नवीन ग्राफिक्स लावून घेताना दुकानदाराला आधीच सांगा की प्लॉटरवर (स्टिकर कापायच्या मशीनवर) कापून आणा नाहीतर दोऱ्याची कटिंग टेप वापरा, जिच्यातला दोरा ओढला की स्टिकर कापला जातो, माझ्या गाडीवर ब्लेड चालवायचं नाही.

बाइकच्या टाकीचं वेगळं असतं. बऱ्याच बाइकना कंपनीचा स्टिकर क्लिअर कोटच्या खाली असतो, बोट फिरवलं तर कड लागत नाही. तिथे स्टिकर उचलायचा प्रयत्न करू नका आणि जोर लावून घासू पण नका, क्लिअर कोट गेला की खाली थेट स्टिकरच आहे.

सामान

चांगली ऑटोमोटिव्ह मास्किंग टेप (स्टेशनरीवाली नको, तिचा डिंक मागे राहतो), 2000 आणि 3000 नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा बारीक सँडपेपर), फाइन कंपाउंड, मायक्रोफायबर कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, एकदम बारीक ब्रश किंवा टूथपिक, आणि तुमच्या शेडचा टचअप पेंट. शेडचा कोड गाडीवरच्या प्लेटवर किंवा स्टिकरवर लिहिलेला असतो, कुठे दरवाज्याच्या खांबावर तर कुठे बोनेटखाली, कंपनीप्रमाणे जागा बदलते. नुसतं सफेद म्हणून पेंट घेऊ नका, सफेदमध्ये पण ढीगभर शेड आहेत. थिनर मात्र स्टिकरच्या आसपास आणायचाच नाही, प्रिंट विरघळते आणि व्हिनाइल (स्टिकरचं प्लास्टिक) आक्रसतं.

हलका स्क्रॅच असेल तर

टेप स्टिकरवर अशी लावा की तिची कड स्टिकरच्या बाहेर पेंटवर साधारण 1 मिमी येईल, म्हणजे स्टिकरची कड टेपखाली पूर्ण झाकली जाईल. नखाने दाबून घ्या. आता बोटाला कापड गुंडाळून थोडं कंपाउंड घ्या आणि कडेला समांतर किंवा कडेपासून बाहेरच्या दिशेने घासा, कडेच्या दिशेने कधीच नाही, कारण आतल्या बाजूला ढकलत गेलं की कड उचलली जाते. मशीन पॉलिशर इथे अजिबात नको, पॅड कडेत अडकला की सेकंदात पट्टा सोलून काढतो.

कंपाउंडने जात नसेल तरच वॉटर पेपर वापरा, आधी 2000 मग 3000, पाण्यात शाम्पूचा थेंब टाकून, हलक्या हाताने, चार-पाच स्ट्रोक मारून पुसून बघायचं. क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ, एकदा गेला की परत येत नाही. थोडी खूण राहिली तर राहू द्या.

मॅट स्टिकरवर कंपाउंड लागलं तर तिथे चकाकणारा डाग पडतो आणि तो जात नाही, त्यामुळे मॅट असेल तर टेपचे दोन थर लावा.

खोल स्क्रॅच असेल तर

टेप वर सांगितली तशीच लावा. गंज दिसत असेल तर तेवढाच भाग पेपरने साफ करा, अल्कोहोलने पुसा, पत्रा उघडा असेल तर टूथपिकने प्रायमरचा थेंब भरा. मग रंग, पातळ दोन-तीन थर, दोन थरांमध्ये अर्धा तास. रंग खाचेत सोडायचा, आजूबाजूला फासायचा नाही. शेवटी क्लिअर कोटचा थर. रंग थोडा ओलसर असतानाच टेप काढा, स्टिकरच्या आतल्या बाजूने सुरू करून बाहेरच्या दिशेला, टेप मागे दुमडून, सावकाश. रंग पूर्ण वाळल्यावर टेप ओढली तर रंगाची कड फाटते.

आठवडाभर हात लावू नका. नंतर वर आलेला उंचवटा 2000 च्या पेपरने समतल करून पॉलिश. मेटॅलिक आणि पर्ल शेडमध्ये ब्रशचं काम जवळून दिसणारच, पण गंज थांबतो आणि चार फुटांवरून नजर जात नाही.

पावसाळ्यात टचअप टाळा. दमट हवेत पेंट वाळताना ओलावा धरतो आणि वर दुधाळ सावट येतं. अगदीच पत्रा उघडा पडला असेल तर कोरड्या दिवशी नुसता प्रायमर आणि रंग भरून ठेवा, फिनिशिंग दिवाळीच्या आसपास करा.

स्क्रॅच स्टिकरच्या खाली गेला असेल तर

इथे लोक वरूनच रंग मारतात, तसं करू नका. हेअर ड्रायरने कड गरम करा, हाताला सोसेल इतकीच, आणि नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डने उचलून खूप कमी कोनात, जवळजवळ पेंटला चिकटून, हळू ओढा. थंड असताना सरळ वर ओढलं की स्टिकर तुकड्या-तुकड्यात फाटतो आणि आधी रिपेंट केलेलं पॅनल असेल तर रंगासकट येतो. मागे राहिलेला डिंक निलगिरीच्या तेलाने निघतो, मग अल्कोहोलने तेल पुसून टाका.

उचललेला तुकडा परत चिकटवण्यात अर्थ नाही, तो ताणलेला असतो आणि डिंकात धूळ बसलेली असते. ज्या दुकानातून ग्राफिक्स केलं तिथे डिझाइनची फाइल बहुतेक असते, तेवढाच भाग कापून मिळतो. कंपनीने लावलेलं ग्राफिक्स असेल तर ते शोरूममध्ये स्पेअर पार्ट म्हणून मागवता येतं.

स्टिकर काढल्यावर खालचा पेंट आजूबाजूपेक्षा गडद दिसला तर घाबरू नका, बाहेरचा उन्हाने फिका झालेला असतो, लाल गाड्यांवर हे जास्त दिसतं. बाहेरच्या भागाला पॉलिश केलं की फरक बराच कमी होतो, पूर्ण जाईलच असं नाही, म्हणून नवीन स्टिकर जुन्याच मापाचा किंवा थोडा मोठा घ्या.

ताज्या रंगावर लगेच स्टिकर लावायचा नाही. आतलं सॉल्व्हंट बाहेर पडत असतं आणि वरून व्हिनाइल बसवलं की फुगे येतात. छोट्या टचअपला दोन आठवडे तरी द्या, पूर्ण पॅनल मारलं असेल तर महिनाभर थांबा. दुकानदार आजच लावून देतो म्हणाला तरी नाही म्हणा.