उतार बांधण्याआधी मुलीची वाट मोजा

कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत मी 31 वर्षं गणित शिकवलं, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून. एका जूनमध्ये आठवीला व्हीलचेअरवरून येणारी मुलगी दाखल झाली. तिची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी जायची. विचारलं तर म्हणाली, "बाई, मी शाळेत पाणी पीतच नाही. म्हणजे मग जावं लागत नाही." सकाळी साडेदहापासून संध्याकाळी पाचपर्यंत! आणि यु-डायसच्या, म्हणजे सरकारला द्यायच्या शाळेच्या माहितीत आम्ही दरवर्षी 'रॅम्प : आहे' असं भरत होतो.

म्हणून सांगते, कामाची सुरुवात गवंड्यापासून करू नका. मोजपट्टी आणि वही घ्या आणि त्या मुलासोबत फाटकापासून पूर्ण दिवस फिरा. वर्ग, पाण्याचे नळ, स्वच्छतागृह, प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान. जिथे मूल थांबतं, कुणाला हाक मारतं किंवा "मला नको, तुम्ही जा" म्हणतं, तिथे खूण करा. आमच्या वहीत 23 खुणा झाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त एक पैसाही खर्च न करता मिटल्या.

वर्गाचं दार दोन झडपांचं होतं आणि एक झडप कायम कडी लावून बंद. दोन्ही उघडल्यावर खुर्ची सरळ आत. (नवीन दार बसवणार असाल तर मोकळी जागा किमान तीन फूट ठेवा.) आठवीचा वर्ग पहिल्या मजल्यावर होता, तो खाली आणला. पुढच्या वर्षी नववी खाली, मग दहावी. वर्गांची अदलाबदल हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे, बांधकामाचा नाही.

आता उतार. आमच्या तीन पायऱ्यांची उंची 18 इंच आणि जुना उतार जेमतेम सहा फूट लांब. दोन मुलं मागून ढकलायची, तरी पुढची चाकं उचलली जायची. प्रमाण 1 : 12 हवं, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. 18 इंचांना 18 फूट. गवंडी म्हणाला, "बाई, एवढा लांब कशाला? जागा फुकट जाते." मी त्यालाच खुर्चीत बसवलं आणि जुन्या उतारावरून स्वतःच्या हातांनी चढायला सांगितलं. पुन्हा त्याने विचारलं नाही. रुंदी चार फूट, वर दारापुढे पाच फूट सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा आणि चाक घसरू नये म्हणून कडेला उंचवटा. गुळगुळीत फरशी अजिबात नको. सिमेंट ओलं असताना त्यावर आडवा खराटा ओढून रेघा पाडून घ्या. आमची एक चूक पावसाळ्यात कळली. छपराच्या पागोळ्या नेमक्या उतारावर पडत होत्या आणि श्रावणापर्यंत हिरवं शेवाळ धरलं. पन्हळ लावली, आठवड्यातून एकदा घासायचं काम ठरवून दिलं, तेव्हा उतार वापरात राहिला.

स्वच्छतागृहासाठी मात्र घाई करू नका, सगळ्यात जास्त विचार इथे लागतो. दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत मूल पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. आत खुर्ची वळायला पाच फूट मोकळी जागा, खुर्चीच्या उंचीचा कमोड, बाजूला भिंतीत पक्का बसवलेला दांडा. दांड्यावर मोठ्या माणसाने पूर्ण भार टाकून बघा. नळ आणि पाण्याचा मग बसल्या जागेवरून हाताला लागले पाहिजेत, कडी हलकी आणि खाली. किल्ली शिपायाकडे ठेवायची नाही, तिथे खेळाचं सामानही ठेवायचं नाही. हे मी दोन्ही घडलेलं पाहिलं आहे. मुलीने किल्लीसाठी कार्यालयात येऊन सगळ्यांसमोर मागावं, यापेक्षा ती तहानलेली राहणं पसंत करते.

चालता येणाऱ्या मुलांच्या अडचणी मोजपट्टीत सापडत नाहीत. कमी ऐकू येणारा मुलगा पत्र्याच्या छपराखाली बसला असेल तर जुलैच्या पावसात त्याला श्रवणयंत्रातून नुसता पत्र्याचा आवाज येतो. त्याला स्लॅबच्या वर्गात, दुसऱ्या बाकावर, पंख्यापासून दूर बसवा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, त्याला ओठ दिसू देत. अंध विद्यार्थ्यासाठी मला माझी बोली बदलावी लागली. "ही बाजू त्या बाजूएवढी" हे वाक्य त्याच्यासाठी रिकामं होतं. "बाजू कख ही बाजू गघएवढी" म्हणायला मला दोन महिने लागले, आणि बाकीच्या वर्गालाही भूमिती जास्त कळू लागली. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्यातली कोणती पानं त्याच्या मोबाइलचा टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी सोय) नीट वाचतो, ते आधी स्वतः ऐका.

पालकांना कुणी "आमच्याकडे सोय नाही" म्हणून परत पाठवत असेल तर 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दाखवा. मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश देणं आणि गरजेप्रमाणे सोय करणं हे त्याच्या कलम 16 मध्ये आहे. साधनं आणि विशेष शिक्षकासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

दहावीच्या सवलतींची फाइल नववीतच उघडा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), मंडळाकडचा अर्ज, यात महिने जातात. तासाला 20 मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, पण लेखनिकाला सांगून लिहून घेणं हे वेगळंच कसब आहे. नववीच्या प्रत्येक चाचणीला लेखनिक द्या. समीकरण तोंडी सांगताना कंस कुठे उघडला, कुठे मिटला, हे दोघांचं एकमेकांत बसायला सहा-सात पेपर तरी लागतात.