काळा घोडा महोत्सव: मित्रमंडळींसह जाताना

मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवाला तिकीट नाही, म्हणून ‘जाऊ, बघू’ म्हणत पाच-सहा जण निघतात आणि अर्धा दिवस रांगेत घालवतात. १९९९ साली सुरू झालेला हा महोत्सव नऊ दिवसांचा. साधारणपणे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो. त्यात दोन शनिवार-रविवार येतात. ते दोन्ही टाळता आले तर टाळाच. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी अकरा-बाराला पोहोचलात, तर मांडणशिल्पांसमोर निवांत उभे राहता येते. रविवारी संध्याकाळी पाचनंतर तिथे गर्दी पुढे ढकलेल तसे चालायचे.

आठवडाभर आधी कार्यक्रमपत्रिका उघडून बसा. कार्यशाळा, हेरिटेज वॉक अशा गोष्टी फुकट असल्या तरी जागा मोजक्या असतात, अनेकदा आधी नाव नोंदवावे लागते. सहा जणांची एकाच वॉकमध्ये नोंदणी होईलच असे नाही. तीन-तीनच्या दोन गटांची तयारी ठेवा. दिवसाला ठरलेल्या वेळेचे दोनच कार्यक्रम धरा. ठिकाणे विखुरलेली असतात आणि दरवर्षी थोडी बदलतात: क्रॉस मैदानावरून हॉर्निमन सर्कलला चालत जायलाच पंधरा मिनिटे लागतात, वर बसायला जागा हवी तर अर्धा तास आधी पोहोचावे लागते. तिसरा कार्यक्रम कोंबला की तिन्ही अर्धवट राहतात.

गाडी नेऊ नका. एरवी जिथे गाड्या उभ्या असतात तिथेच मांडणशिल्पे असतात. चर्चगेटहून ओव्हल मैदान ओलांडून पंधरा मिनिटे. सीएसएमटीहून हुतात्मा चौकमार्गे थोडे जास्त. भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानक त्याहून जवळ. रविवारी जाणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक पाहून घ्या.

भेटायची जागा ‘घोड्यापाशी’ ठरवू नका, सगळी मुंबई तिथेच भेटते. शिवाय आत शिरताना पिशव्यांची तपासणी असते, एकदा बाहेर पडलात की पुन्हा रांग. रीगल सिनेमाचा चौक बरा. गर्दीत मोबाइलचे नेटवर्क बसते, म्हणून ‘चुकलो तर दर दोन तासांनी रीगल’ हे निघतानाच ठरवा. युपीआयही याच कारणाने अडते. एकाने सगळ्यांकडून दोनशे-तीनशे रुपये गोळा करून दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवाव्यात.

पाणी माणशी एक लिटर. आतल्या स्टॉलवर खाणे महाग आणि रांगही लांब, त्यापेक्षा क्रॉस मैदानाजवळच्या खाऊगल्लीत जेवून मग आत शिरा. दुपारी उन्हाचा चटका बसू लागला की जहांगीर कलादालनात जा: तिथेही प्रवेश फुकट, आणि सावली. स्वच्छतागृहाचे कामही तिथेच उरकून घ्या; संध्याकाळी कुठेही रांगच लागते.

परतताना शेवटचा कार्यक्रम संपण्याआधी दहा मिनिटे उठा. चर्चगेट आणि सीएसएमटी दोन्हीकडे गाड्या तिथूनच सुटतात, त्यामुळे लोंढ्याच्या आधी पोहोचलात तर बसायला मिळते.