शेवगा लावा तो पाल्यासाठी

शेंगांसाठी आपण बाजारात भाव करतो आणि दारच्या झाडाचा पाला झाडून उकिरड्यावर टाकतो. सत्त्व मात्र त्या पाल्यातच जास्त आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ६.४ ग्रॅम प्रथिनं, तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह दिलं आहे. तेवढ्याच शेंगेत कॅल्शियम भरतं जेमतेम तीस-पस्तीस मिलिग्रॅम, गाईच्या दुधात १२० च्या आसपास. शिवाय शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं, ते बीटा-कॅरोटिन पाल्यात भरपूर असतं.

तरी पाला ताटात येत नाही, कारण तो हाताला लागत नाही. मोकळा सोडलेला शेवगा दोन-तीन वर्षांत वीस-पंचवीस फूट जातो, पाला शेंड्याला आणि आपण खाली. चढून काढावा तर लाकूड ठिसूळ, चांगली मनगटाएवढी फांदीही कटकन मोडते. शेवग्यावर चढायचंच नाही. झाड पहिल्यापासून बुटकं ठेवायचं, म्हणजे रोजची भाजी उभ्याउभ्या खुडता येते.

लागवड

बी लावायचं की फांदी? जागा असेल तर बी लावा. बियाच्या झाडाला सोटमूळ खोल जातं, त्यामुळे ते उन्हाळ्यात तग धरतं आणि वाऱ्यात उभं राहतं. फांदीपासून झालेल्या झाडाची मुळं वरवर पसरतात. वळवाच्या वादळात आडवी झालेली शेवग्याची झाडं बहुधा अशीच असतात. फांदीचा फायदा एकच, पण मोठा: ज्या झाडाच्या पाल्याची चव तुम्हाला आवडते, हुबेहूब तेच झाड मिळतं. काही गावरान झाडांचा पाला चांगलाच कडू असतो. म्हणून फांदी आणण्याआधी कोवळी चार पानं चावून पाहा.

बी यंदाच्या शेंगेतलं हवं. जुनं बी फार कमी उगवतं. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पाऊण ते एक इंच खोल टोका. सात ते पंधरा दिवसांत कोंब दिसतो. पिशवीत रोप केलं तर महिना-दीड महिन्याच्या आत जमिनीत लावा. त्याहून उशीर झाला की सोटमूळ पिशवीच्या तळाशी वेटोळं घालतं आणि झाड पुढे कायम अशक्त राहतं. तयार वाण हवा असेल तर तमिळनाडूतल्या पेरियाकुलमचा पीकेएम-१ किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा कोकण रुचिरा घ्या. पीकेएम-१ ला सहा-सात महिन्यांत शेंगा धरतात.

फांदी लावायची तर तीन ते चार फूट लांबीची आणि दीड-दोन इंच जाडीची, पक्व लाकडाची घ्या. हिरवी कोवळी फांदी कुजते. कापलेलं टोक सावलीत तीन-चार दिवस सुकू द्या, चीक वाळला की कुजण्याची भीती कमी होते. पाऊस धरला की एक तृतीयांश भाग मातीत गाडा. वरच्या कापावर शेणमातीचा गोळा बसवा, म्हणजे पाणी आत मुरणार नाही.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल पुरतो. वरची सुपीक माती, दहा किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड एकत्र करून भरा. भरताना मधे उंचवटा ठेवा. पाण्याअभावी शेवगा सहसा मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरतो. काळ्या चिकण मातीत दोन दिवस पाणी तुंबलं की मूळ कुजतं, पानं पिवळी पडून गळतात. लोकांना वाटतं झाडाला पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी घालतात. पिवळं झाड दिसलं की आधी बोटभर माती उकरून ओल बघा, मगच बादली उचला.

गच्चीवर लावायचं असेल तर दीड-दोन फूट खोल ड्रम, तळाला भोकं, मातीत तिसरा हिस्सा वाळू. तिथे शेंगांची फार आशा नको, पाला मात्र भरपूर मिळतो.

शेंडा खुडणं

सगळी करामत इथे आहे. रोप कमरेएवढं, म्हणजे अडीच-तीन फूट झालं की वरचा वीतभर कोवळा शेंडा नखाने खुडा. जीव कासावीस होतो, पण खुडा. आठ-दहा दिवसांत खालच्या पेरांतून चार-सहा फुटवे निघतात. ते दीड-दोन फुटांचे झाले की त्यांचेही शेंडे खुडा. दोनदा हे केलं की सरळसोट काठीऐवजी छत्रीसारखं झाड तयार होतं. खुडलेले शेंडे टाकू नका, पहिली भाजी त्यांचीच.

पुढे दर वर्षी शेंगांचा हंगाम संपला की, एप्रिल-मेमध्ये, झाड जमिनीपासून तीन फुटांवर छाटा. करवतीने, तिरका काप द्या. कोयत्याच्या घावाने खोड उभं फाटतं आणि त्या फटीत कीड शिरते. छाटणीनंतर पुन्हा दहा किलो शेणखत द्या. पाल्यासाठीच राखलेल्या झाडावरून पाच-सहा आठवड्यांनी एकदा डहाळ्या काढता येतात. दर वेळी झाडावर निदान तिसरा हिस्सा पाला राहू द्या. पूर्ण बोडकं केलेलं झाड पुढच्या खेपेला काटकुळे फुटवे देतं.

पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके दिसतात. हात लावू नका, अंगाला भयंकर खाज सुटते. लांब काठीला चिंधी बांधून रॉकेलच्या पाण्यात त्या झाडून पाडा. सालीवर भुशासारखी जाळी दिसली तर आत साल खाणारी अळी आहे. जाळी खरवडा, भोकात रॉकेलचा बोळा घाला आणि वरून चिखल लिंपा. शेंगेवर डिंकासारखा चीक येऊन टोक सडत असेल तर ती शेंगमाशी. अशा शेंगा रोज वेचून खोल पुरा, झाडाखाली पडू देऊ नका. ज्या झाडाचा पाला खायचा त्यावर रासायनिक कीटकनाशक मारायचंच नाही. पाच टक्के निंबोळी अर्क चालतो, पण फवारणीनंतर आठवडाभर पाला खुडू नका आणि नंतरही नीट धुऊन घ्या.

पाला निवडणं आणि भाजी

निवडण्याच्या कंटाळ्याने निम्मी घरं ही भाजी सोडून देतात. उपाय सोपा आहे. संध्याकाळी डहाळ्या काढा, सुती कापडात किंवा वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी गाठोडं उघडून डहाळी नुसती झटकली की पानं आपोआप सुटून कापडावर पडतात. राहिलेल्या काड्या वेचून टाका, शिजल्यावर त्या दाताखाली तारेसारख्या येतात. मात्र गाठोडं एका रात्रीहून जास्त ठेवू नका, आत उष्णता धरते आणि पानं काळी पडतात.

कोकणात याला शेगलाची भाजी म्हणतात. मालवणी घरांत गोकुळाष्टमीला ती आंबोळी आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाराबरोबर लागतेच. चार माणसांना २०० ग्रॅम निवडलेला पाला घ्या. दोन मोठे चमचे मूगडाळ अर्धा तास भिजवा. कढईत दीड चमचा तेल, मोहरी, दोन हिरव्या मिरच्या, बारीक चिरलेला मोठा कांदा. कांदा मऊ झाला की डाळ आणि अर्धी वाटी पाणी घालून डाळ बोटाने मोडेल इतकी शिजवा. मग पाला, मीठ, चिमूटभर गूळ. पाच-सहा मिनिटं, बस्स. शेवटी मूठभर ओलं खोबरं. पानं गर्द हिरवी असतानाच गॅस बंद करा. काळपट होईपर्यंत शिजवली तर कडवटपणा वर येतो आणि क जीवनसत्त्वही जातं. तेल अगदीच टाळू नका, बीटा-कॅरोटिन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ हवा. वाढताना लिंबू पिळा, पानातलं लोह शोषायला आंबट मदत करतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तोच फायदा कमी होतो.

पावडर, आणि तिच्याबद्दल थोडं खरं

पावडर ऑक्टोबर ते मार्चमध्ये करा. पावसाळ्यात पाला वाळायच्या आधी त्याला बुरशी धरते. निवडलेला पाला दोनदा स्वच्छ पाण्यात धुवा, चाळणीत निथळा, पंख्याखाली सुती कापडावर अगदी पातळ पसरा. ऊन नको, उन्हात रंग आणि बीटा-कॅरोटिन दोन्ही उडतात. दिवसातून दोनदा परता. तीन-चार दिवसांत पान मुठीत चुरचुरलं पाहिजे. नुसतं दुमडलं तर अजून ओल आहे. किलोभर निवडलेल्या पाल्याची पाव किलोच्या आत-बाहेर पावडर होते. दळून, चाळून, कोरड्या काचेच्या बरणीत अंधारात ठेवा आणि सहा महिन्यांत संपवा. हिरवा रंग तपकिरी झाला की ती टाकून द्या.

आता हिशेब बघा. चहाचा एक चमचा पावडर म्हणजे तीनेक ग्रॅम, म्हणजे दहा-बारा ग्रॅम ताजा पाला. भाजीचे दोन घास. वर क जीवनसत्त्व वाळवण्यात बहुतेक गेलेलं असतं. शेवग्यात ‘संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व’ वगैरे जे लिहिलेलं असतं ते एका चमच्याला लागू होत नाही. भाजीच्या ५० ग्रॅम पाल्यातूनही लोह सव्वादोन मिलिग्रॅमच मिळतं आणि प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरली आहे. म्हणून रक्त कमी असलेल्या बाईच्या लोहाच्या गोळ्या पावडरीच्या भरवशावर बंद करू नका. पाला नाही त्या दिवशी भाकरीच्या पिठात चौघांना मिळून दोन चमचे पावडर मळा, किंवा गॅस बंद केल्यावर आमटीत घाला. सुरुवात अर्ध्या चमच्याने करा, एकदम जास्त घेतली तर पोट ढिलं होतं.

मुळं आणि साल कोणीच खाऊ नये, त्यांत विषारी घटक असतात. गरोदर बाईने तर ती चुकूनही घेऊ नयेत. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या सुरू असतील, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर रोज पावडर घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.