घोट्याच्या आणि टाचेच्या फ्रॅक्चरचं पुढचं शिक्षण: निघण्याआधी आणि परत आल्यावर

हाडांच्या शस्त्रक्रियेतलं एमएस झाल्यावर पहिली तीन वर्षं घोटा मला सोपा वाटायचा. खुबा, मांडी ही मोठी कामं. घोटा म्हणजे जेवणाआधी हाडावर बसवून उरकायची प्लेट. ही समजूत एका टाचेने मोडली. यावलकडचा शेतकरी, शेळ्यांसाठी निंबाचा पाला तोडताना झाडावरून थेट टाचांवर पडलेला. मी चौथ्याच दिवशी टाच उघडली, कारण ओटी (ऑपरेशन थिएटर) रिकामी होती आणि नातेवाईक घाई करत होते. एक्स-रे देखणा आला. दहाव्या दिवशी जखमेचा कोपरा काळा पडला आणि पुढचे चार महिने मी त्याचं ड्रेसिंग करत बसलो. त्यानंतरच पायाचं वेगळं शिक्षण घ्यायला बाहेर पडलो. आता जळगाव-धुळ्याकडची तरुण मंडळी विचारतात, काय शिकू, कसं शिकू.

कुठे जायचं ते आधी उरकतो. दोन दिवसांच्या कॅडेव्हर (मृतदेहावरच्या) वर्कशॉपमध्ये हात कुठून आत घालायचा ते कळतं. एओ या हाडांच्या शस्त्रक्रियेवरच्या संस्थेचे कोर्स प्लेट-स्क्रूमागचा विचार शिकवतात. स्विस सर्जनांनी १९५८ साली सुरू केलेली ही संस्था १९६० पासून दाव्होसला कोर्स घेते, आपल्याकडेही तिचे कोर्स होतात. इंडियन फूट अँड अँकल सोसायटीच्या परिषदांना जा. पण खरं शिक्षण मिळतं ते काही महिने एकाच सर्जनपाशी राहून, त्याची ओपीडी बघून. ऑपरेशन बघायला सगळेच येतात. त्याच रुग्णाला सहाव्या आठवड्याला बघायला कोणी थांबत नाही. तुम्ही थांबा.

निघण्याआधी घरचा अभ्यास करा. स्वतःच्या जुन्या वीस घोट्यांचे एक्स-रे काढा आणि टेबलावर मांडा. मॉर्टिस व्ह्यू, म्हणजे घोट्याच्या खाचेचा समोरून घेतलेला एक्स-रे, खरंच मॉर्टिस आहे का? पाय १५ ते २० अंश आत वळवलेला हवा. आमच्याकडचा टेक्निशियन नुसता पंजा वळवायचा, गुडघा तसाच. त्याला एकदा शेजारी उभं राहून दाखवा, वर्षभराचं काम होतं. मग आतली फट मोजा, म्हणजे आतला घोटा आणि टॅलस (घोट्याच्या खाचेत बसणारं हाड) यांच्यातली. ती ४ मिलिमीटरच्या वर असेल किंवा वरच्या फटीपेक्षा रुंद दिसत असेल, तर आतला डेल्टॉइड अस्थिबंध गेल्याचा संशय धरा. १९७६ साली रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी मृत पायांवर मोजून दाखवलं होतं, की टॅलस बाहेरच्या बाजूला १ मिलिमीटर सरकला तरी सांध्याचं टेकण्याचं क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटतं. हा आकडा माहीत झाल्यावर मला माझ्या जुन्या वीसपैकी पाच एक्स-रे पुन्हा बघवेनात.

टाचांचे एक्स-रे वेगळे ठेवा. टाचेचं हाड किती दबलं ते दाखवणारा बोलरचा कोन पेन्सिलने काढा. एरवी तो २० ते ४० अंश असतो. सीटी असेल तर कोरोनल (समोरून दिसणाऱ्या उभ्या) कापांवर सँडर्सच्या वर्गवारीप्रमाणे मागच्या सांध्याचे तुकडे मोजा आणि कागदावर चित्र काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल, पण तुकडा कुठून कुठे गेला ते हाताला कळलं पाहिजे. आणि उंचावरून पडलेल्या प्रत्येक टाचेवाल्याच्या कमरेच्या मणक्यावर हात फिरवलाय का, हेही जुन्या कागदांत शोधा. विहिरीत पडलेला माणूस पायाचंच दुखणं सांगतो, पाठीचं नंतर.

तिथे पोचल्यावर डोळे प्लेटवर ठेवू नका. कातडीवर ठेवा. चांगला फूट सर्जन सकाळी वॉर्डात जाऊन काय करतो? पाय हलकेच वर वाकवतो आणि टाचेच्या बाहेरच्या बाजूला सुरकुत्या पडतात का ते बघतो. पडल्या नाहीत तर केस पुढे ढकलतो. आठ दिवस, दहा, कधी चौदा. मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं, पण दिवसाच्या यादीतून केस काढून टाकताना एखाद्याचा चेहरा अजिबात बदलत नाही, हे बघितल्यावरच पटलं. पाण्याचे फोड परवडले, रक्ताचे फोड म्हणजे इजा खोल आहे. त्यांच्यावरून चीर घेऊ नका. तोवर पाय बोलर-ब्राउन स्प्लिंटच्या चौकटीवर उंच हवा. उशी रात्रीत सरकते आणि सकाळी रुग्ण खाटेवरून पाय सोडून चहा पीत बसलेला सापडतो. बिडी आणि तंबाखू पहिल्या दिवसापासून बंद. तंबाखू खाल्लीच तर चीर लहान ठेवा, नाहीतर घेऊच नका.

टाचेची मोठी एल आकाराची चीर घेताना कातडी-हाड एका थरात उचला आणि चिमट्याने ओढू नका. के-वायर (हाडात घालायची बारीक तार) वाकवून त्यावर कातडीची झडप टेकवून ठेवा. बहुतेक केसेसना आता सायनस टार्सायवरची (घोट्याखालच्या बाहेरच्या खोबणीवरची) छोटी चीर पुरते. दोन्ही कॅडेव्हरवर करून बघा. जमलं तर फ्रोझन पाय मागा. फॉर्मॅलिनमधला पाय लाकडासारखा ताठ असतो, त्यात थर कळत नाहीत. घोट्याच्या मागच्या तुकड्यासाठीही वेळ काढा: रुग्ण पालथा, एका बाजूला पेरोनियल स्नायू, दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा लांब स्नायू, आणि मधून सरळ हाडावर. बाहेरच्या चिरेत वरच्या टोकाला सुपरफिशियल पेरोनियल नर्व्ह (पावलाच्या वरच्या बाजूला संवेदना देणारी नस) आडवी येते. ती कापली तर रुग्ण वर्षभर चपलेच्या पट्ट्याबद्दल तक्रार करतो आणि तुम्हाला ते पटत नाही.

पायलॉन फ्रॅक्चर, म्हणजे टिबियाचं (नडगीच्या हाडाचं) घोट्यातलं टोक फुटणं, आपल्या भागात मोटारसायकलींमुळे भरपूर, आग्रा रोडवर तर विचारूच नका. याचा क्रम परत येताना पाठ हवा: आधी बाहेरून पिना आणि सळ्यांनी ताणून धरा, मग सीटी, मग बेत. सीटी ताणल्यानंतरच, कारण तेव्हाच तुकडे आपापल्या जागी आलेले दिसतात. टिबियात दोन पिना पुढच्या प्लेटच्या जागेपासून लांब, टाचेत एक पिन आतून बाहेर, म्हणजे आतली रक्तवाहिनी आणि नस आपल्या नजरेसमोर राहते. हे काम शहादा-चोपड्याच्या साध्या ओटीतही होतं. शिकून आल्यावर मी सर्वांत जास्त केलेली गोष्ट हीच, आणि तिला कुठल्याही महागड्या सेटची गरज पडली नाही.

लिसफ्रँकची, म्हणजे पावलाच्या मधल्या सांध्यांची, इजा मात्र शोधावी लागते. तळपायावर आतल्या बाजूला निळसर डाग दिसला तर एक्स-रे ‘नॉर्मल’ असला तरी माणसाला उभं करून पुन्हा काढा. वेदनेमुळे उभं राहवत नसेल तर आठवड्याने. दुसऱ्या मेटाटार्सलची (बोटामागच्या लांब हाडाची) आतली कड मधल्या क्युनिफॉर्मच्या (त्याच्या मागच्या छोट्या हाडाच्या) आतल्या कडेशी रेषेत हवी. टॅलसच्या मानेचं फ्रॅक्चर असेल तर निखळलेला सांधा त्याच रात्री बसवा. सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रेवर टॅलसच्या घुमटाखाली काळसर रेघ दिसली, म्हणजे हॉकिन्सची खूण, की रक्तपुरवठा जिवंत आहे असं समजा.

परतल्यावर लगेच सगळं करायला जाऊ नका. पहिले सहा महिने घोटे आणि मागचा तुकडा, मग सिंडेस्मोसिस (पायाची दोन हाडं घोट्यापाशी बांधणारा सांधा) उघडून डोळ्यांनी बसवणं, टाच त्यानंतर. गुंतागुंतीची टाच पाठवून द्या आणि रुग्णाबरोबर स्वतः जा. पाठवणाऱ्याला सगळे शिकवतात. मधुमेही रुग्णाला १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या बारीक दोऱ्याने) तळपायाची संवेदना तपासल्याशिवाय टेबलावर घेऊ नका. संवेदना गेली असेल तर वजन टाकायची वेळ साधारण दुप्पट करा आणि पहिल्या दिवशीच घरच्यांना सांगून ठेवा.

ते सांगणं हाच आमच्याकडचा अवघड भाग. केळीला पाणी धरायचं असतं, कापूस वेचायचा असतो, आणि प्रत्येक जण विचारतो, "डॉक्टर, मी कव्हय चालसू?" मी "बारा आठवडे" म्हणत नाही, पोळा किंवा दिवाळी म्हणतो. घरी संडास भारतीय बैठकीचा असेल तर कमोडची खुर्ची डिस्चार्जआधीच आणायला लावतो, नाहीतर टाच घरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी टेकते. फॉलोअपची तारीख देताना तुमच्या गावचा आठवडे बाजार कोणत्या वारी, ते विचारतो आणि त्याच वारची देतो. गाडी तशीही येणार असते.