रॉनी जेम्स डिओचे अल्बम कुठून सुरू करावेत आणि कसे ऐकावेत

हेवी मेटल गायक डिओचा पहिला अल्बम १९७२ चा आणि शेवटचा २००९ चा, मध्ये चार-पाच बँडची नावं, त्यामुळे हेवी मेटलला नवा असलेला माणूस अ‍ॅपवर नाव टाकतो, वरची पाच गाणी ऐकतो आणि पुढे जातो. तसं नका करू प्लीज. या माणसाचा आवाज समोर गिटार कोण वाजवतंय त्यावर बदलत जातो, आणि ते कळायला अल्बम अख्खाच ऐकावा लागतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे शफल बंद करा. आणि प्रत्येक अल्बम लावायच्या आधी गिटारवर कोण आहे ते बघून घ्या.

सुरुवात १९७२ पासून करू नका, १९७६ च्या रेनबो बँडच्या 'रायझिंग'पासून करा. सहाच गाणी, साधारण तेहतीस मिनिटं, गिटारवर डीप पर्पल बँड सोडून आलेला रिची ब्लॅकमोर. यातलं 'स्टारगेझर' हेडफोन लावून ऐका, आठ मिनिटांच्या वरचं आहे, आधी कोझी पॉवेलचे ड्रम एकटेच वाजतात मग तो जड रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, येतो. गोष्ट अशी की एक जादूगार ताऱ्यांपर्यंत उडायचं म्हणून गुलामांकडून दगडाचा मनोरा बांधून घेतो, वर चढतो आणि खाली पडून मरतो, आणि हे सगळं आपल्याला सांगतोय त्या गुलामांपैकीच एक जण. मागे म्युनिक फिलहार्मोनिकचा ऑर्केस्ट्रा आहे. शेवटची दोन मिनिटं फक्त आवाजाकडे लक्ष द्या, ऑर्केस्ट्रा, गिटार, ड्रम सगळं एकदम अंगावर येतंय आणि डिओ त्या सगळ्याच्या वर आहे, कुठेही किंचाळत नाहीये, दम सुटत नाहीये. लहानपणी तो ट्रम्पेट वाजवायचा, गाणं कुणाकडे शिकला नाही, श्वास कसा घ्यायचा हे वाजवतानाच शिकलो असं तो सांगायचा, आणि इथे ते अक्षरशः ऐकू येतं.

यानंतर थेट १९८० वर या, ब्लॅक सबाथचा 'हेवन अँड हेल'. पण त्याच्या आधी सबाथचा आधीचा गायक ओझी ऑझबॉर्न याच्या काळातलं 'आयर्न मॅन' एकदा ऐकून घ्या, त्यात ओझी रिफची जी चाल आहे तीच गातो. आता 'चिल्ड्रन ऑफ द सी' लावा. सुरुवातीला हळू गिटार, डिओ जवळजवळ बोलल्यासारखा गातो, मग सबाथचा गिटारिस्ट टोनी आयोमीचा रिफ कोसळतो आणि आवाज त्या रिफच्या मागे न जाता स्वतःची वेगळीच चाल धरून वरून चालतो. माझ्या मते सबाथला नवा जन्म मिळाला तो इथे. पुढचा 'मॉब रूल्स' (१९८१) पण लगेच ऐका, दोन्हीचा प्रोड्यूसर मार्टिन बर्चच आहे, 'रायझिंग'चा सुद्धा तोच.

तिसरा टप्पा त्याच्या स्वतःच्या नावाचा बँड, १९८३ चा 'होली डायव्हर'. गिटारवर बेलफास्टचा विशीतला व्हिव्हियन कॅम्पबेल, बासवर 'रायझिंग'मधलाच जिमी बेन, ड्रमवर सबाथमधून सोबत आलेला विनी अपिस. टायटल गाणं सगळ्यांना माहीत असतं, तुम्ही 'डोन्ट टॉक टू स्ट्रेंजर्स' जास्त वेळा ऐका, मऊ आवाजातून गर्जनेपर्यंत एका क्षणात कसं जायचं त्याचा हा धडाच आहे. १९८४ चा 'द लास्ट इन लाइन' पण घ्याच. 'सेक्रेड हार्ट' (१९८५) नंतर कधी ऐकलात तरी चालेल, कीबोर्ड जरा जास्त झालेत त्यात.

आता मागे जा, एल्फ बँडचा १९७२ चा अल्बम. पियानोवर चालणारं रॉक अँड रोल आहे, मेटल अजिबात नाही, डिओ गाता गाता बासही वाजवतोय आणि नाव छापलंय त्याचं खरं, रोनाल्ड पडाव्होना. हा आधी ऐकला असतात तर कदाचित बंद केला असता, आता ऐकाल तर त्यात पुढचा आवाज सापडत जाईल.

नव्वदचं दशक बरेच लोक गाळतात, ते मला पटत नाही. सबाथमध्ये परत येऊन त्याने १९९२ चा 'डीह्युमनायझर' केला, ड्रॅगन-जादूगार नाहीत, कॉम्प्युटरला देव मानणाऱ्या माणसांवर गाणं आहे, आवाज खरखरीत आणि चिडलेला. त्याच वर्षी ओझीच्या शोच्या आधी वाजवायला नकार देऊन तो बँडमधून बाहेर पडला. 'स्ट्रेंज हायवेज' (१९९३) मध्ये ट्रेसी जीची गिटार कर्कश आहे, दोनदा ऐकल्याशिवाय मत बनवू नका. 'अँग्री मशीन्स' सोडलात तरी हरकत नाही. २००० चा 'मॅजिका' मात्र एकच कथा पुढे नेणारा अल्बम आहे, म्हणून गाणी क्रमानेच.

आणि हो, मेटलच्या शोमध्ये तर्जनी आणि करंगळी वर करतात ती खूण याच्यामुळेच पसरली, त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून ती करायची.

सगळ्यात शेवटी २००९ चा 'द डेव्हिल यू नो'. सबाथचीच चौघं, फक्त बँडचं नाव हेवन अँड हेल. डिओ तेव्हा ६६ वर्षांचा होता, पुढच्या वर्षी मे महिन्यात पोटाच्या कॅन्सरने गेला. त्यातलं 'बायबल ब्लॅक' आणि १९८० चं 'चिल्ड्रन ऑफ द सी' लागोपाठ लावून बघा, दोन्हीची सुरुवात हळू गिटारने होते, गिटार तोच आयोमी वाजवतोय, आवाज २९ वर्षांनी जास्त जड आणि गडद झालाय पण त्याची पकड तसूभरही सुटलेली नाही.