रक्ताचा स्मिअर मायक्रोस्कोपच्या १००एक्स ऑइल लेन्सखाली
रंगवलेला स्मिअर (स्लाइडवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) पूर्ण वाळू द्या. १०एक्सवर (दहापट मोठं दाखवणाऱ्या लेन्सवर) फोकस करून पेशी एकेकट्या पसरलेला भाग मधोमध आणा. ४०एक्स वगळलात तरी चालेल. ती लेन्स ०.१७ मिमी कव्हरस्लिप (वर झाकायची पातळ काच) धरून बनवलेली असते, उघड्या स्मिअरवर धूसरच दिसते. नोजपीस (लेन्स बसवलेली फिरती चकती) अर्धवट फिरवून इमर्शन तेलाचा एक थेंब टाका, मग १००एक्स आणा. तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) सुमारे १.५१५, जवळपास काचेइतकाच. म्हणून तिरपे किरण वाया जात नाहीत. कंडेन्सर (स्लाइडखालची प्रकाश एकवटणारी लेन्स) वर घ्या, डायफ्राम (त्यातली प्रकाशाची झडप) उघडा. आता फोकससाठी फक्त फाइन स्क्रू!

१०एक्सवर दिसतं, १००एक्सवर फोकसच होत नाही? बहुधा स्लाइड उलटी आहे. चित्र धुरकट असेल तर तेलातला बुडबुडा शोधा. तेल लागल्यावर ४०एक्सकडे वळू नका, ती कोरडी लेन्स आहे. काम झालं की लेन्स पेपरने तेल टिपा, घासू नका.