हंगामाचा माल कंटेनरने येतोय? मग डिमरेजचं आत्ताच बघा

शेतकरी मंडळी, हंगाम तोंडावर आला की खत, बियाणं, ठिबकचं सामान, मशीनचे पार्ट असं सगळ्यांचंच एकदम यायला लागतं, बंदरात गर्दी होते, ट्रेलर मिळत नाही आणि कंटेनर तिथंच पडून राहतो.

भरलेला कंटेनर फ्री डेज (जादा पैसे न लागणारे ठरावीक दिवस) संपल्यावरही टर्मिनलवरच राहिला तर जे जादा पैसे लागतात ते डिमरेज, आणि बाहेर काढला पण रिकामा करून वेळेत परत दिला नाही तर डिटेन्शन. काही शिपिंग लाईन (जहाज कंपन्या) दोन्हीचे दिवस एकत्रच धरतात. टर्मिनलचं स्टोरेज भाडं बऱ्याचदा वेगळं. रेट बहुतेक स्लॅबनं चढतो, त्यामुळे "बघू चार दिवसांनी" हे फार महागात पडतं. रीफर (थंड ठेवणारा कंटेनर) असेल तर फ्री डेज अजून कमी आणि प्लगच्या लाईटचे पैसे वेगळे.

आणि कागद अडकला म्हणून मीटर थांबत नाही हो! म्हणून जहाज समुद्रात असतानाच कागद पूर्ण करा. पेमेंट झालेलं असेल तर ओरिजिनल बीएल (बिल ऑफ लेडिंग, माल ताब्यात घ्यायचा जहाज कंपनीचा कागद) कुरियरने यायची वाट बघू नका, सप्लायरला टेलेक्स रिलीज (ओरिजिनल कागदाशिवाय माल सोडायची सूचना) करायला सांगा. बियाणं, कंद, रोपं असतील तर फायटो सर्टिफिकेटचा (मालात कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याचा) ड्राफ्ट माल निघायच्या आधी मागवा आणि पिकाचं शास्त्रीय नाव, वजन, लॉट नंबर इनव्हॉइसशी ताडून बघा, एवढ्याशा चुकीवर माल क्वारंटाईनला अडकतो. लाकडी पॅलेटकडे तर कुणी बघतच नाही, त्यावर आयएसपीएम १५ चा (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का लागतो, एचटी (हीट ट्रीटमेंट) लिहिलेलं असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंशाला सलग ३० मिनिटं तापवलेलं असतं. शिक्का नसेल तर अख्खा कंटेनर थांबू शकतो, म्हणून लोडिंगच्या आधी पॅलेटचे फोटो मागवाच.

फ्री डेज किती, कधीपासून मोजणार, सुट्ट्या धरणार का, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या. बुकिंग सप्लायर करत असेल तर जास्त दिवस त्यालाच मागायला लावा, जहाज लागल्यावर सहसा कुणी ऐकत नाही. ट्रेलर आणि उतरवायला माणसं आधीच सांगून ठेवा.

रिकामा कंटेनर झाडून परत द्या, आतून फोटो काढा, जमा केल्याची पावती जपून ठेवा. टर्मिनलच बंद होतं किंवा कंटेनर न्यायला-जमा करायला वेळेचा स्लॉटच मिळाला नाही असं झालं तर त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून लाईनला मेल टाका, नंतर बिलावर भांडायला तेवढंच हातात असतं.